बुलेट रेस घेताना अडखळते, उतारावर फटाके फोडते: कार्बोरेटरला हात लावण्याआधी आणि लावल्यावर

प्रश्न थोडक्यात असा. कास्ट आयर्न इंजिनची, पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या यांत्रिक स्विचवर) चालणारी ३५० सीसी बुलेट, तिला मिककार्बचा व्हीएम २४ कार्बोरेटर. पावसाळ्यात तीन महिने गाडी उभी होती. मूळ सायलेन्सर काढून मोकळ्या आवाजाचा लावलेला आहे. गाडी स्लोवर कशीबशी टिकते. सिग्नलवरून निघताना रेस दिली की क्षणभर गप्प होते आणि मग झटका मारून सुटते. घाट उतरताना रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके येतात, आणि दोन वेळा कार्बोरेटरच्या बाजूनेही ‘फट्’ झाले. कार्बोरेटर दोनदा धुऊन झाला, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा मुख्य पितळी तुकडा) ९० चा काढून ११० चा घातला, तरी फरक नाही.

मेन जेटने फरक पडणारच नव्हता. मेन जेटचा खरा अंमल रेसची मूठ तीन-चतुर्थांश उघडल्यावर सुरू होतो आणि तुमचा दोष मुठीच्या पहिल्या पाव भागातला आहे. तिथे पेट्रोल येते पायलट जेटमधून (स्लोसाठीचा छोटा जेट), एअर स्क्रूच्या हिशोबाने आणि स्लाइडच्या (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) खालच्या कापावरून. म्हणून आधी ९० चा जेट परत बसवा. सध्याच्या ११० ने वरच्या वेगात गाडी जड होईल, प्लग काळा पडेल आणि पुढची प्रत्येक चाचणी तुम्हाला फसवेल.

कोणत्याही कार्बोरेटरच्या तक्रारीत पहिला प्रश्न एकच: मूठ किती उघडी असताना त्रास होतो? इंजिन किती वेगाने फिरते आहे किंवा कितवा गिअर आहे यावरून जेट ठरत नाही, मूठ किती उघडली यावरून ठरतो. मुठीच्या रबरावर आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावा. मूठ पूर्ण बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा पेनाने करा आणि मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एकेका खुणेवर गाडी धरून बघा. व्हीएम कार्बोरेटरमध्ये बंद मुठीपासून एक-अष्टमांशापर्यंत पायलटचे राज्य असते. एक-अष्टमांश ते पाव स्लाइडचा काप, पाव ते पाऊण निडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई) आणि तिचा निडल जेट, त्यापुढे मेन जेट. सीमा काटेकोर नसतात, एकाचा अंमल दुसऱ्यात मिसळतो. पण दोष कुठल्या घरातला आहे हे या पट्टीवरून दहा मिनिटांत कळते.

दुसरी चाचणी चोकची. इंजिन पूर्ण गरम असताना, अडखळते त्याच जागी मूठ धरून चोक अर्धा ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. भुरभुरायला लागली, बंद पडायला आली तर मिश्रण आधीच रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आहे. व्हीएममध्ये चोक म्हणजे पेट्रोलची वेगळी वाट असते आणि ती कमी रेसवरच जोर दाखवते, त्यामुळे ही चाचणी तुमच्या दोषाला नेमकी लागू आहे. कानालाही फरक कळतो. लीन गाडी रेस दिल्यावर श्वास रोखल्यासारखी गप्प होते आणि मग एकदम उचलते. रिच गाडी ‘भुर्र-भुर्र’ करत, काळा धूर सोडत, जड पायांनी चढते. तुम्ही लिहिलेले वर्णन पहिल्या प्रकारचे आहे.

आता फटाक्यांबद्दल. सगळ्या आवाजांना ‘बॅकफायर’ म्हटले जाते, पण यात दोन वेगळे आजार आहेत.

सायलेन्सरमधला फटाका रेस सोडल्यावर येतो. मूठ बंद असते, चाके इंजिनला फिरवत असतात आणि सिलिंडरमध्ये इतके थोडे मिश्रण येते की प्लगची ठिणगी कधी पेटवते, कधी हुकते. न जळलेले पेट्रोल तापलेल्या बेंड पाईपमध्ये जाते. तिथे सांध्यातून ताजी हवा शिरत असेल तर पुढचा गरम झोत ते सगळे एकदम पेटवतो. म्हणजे दोन गोष्टी जुळाव्या लागतात: पायलट लीन असणे, आणि एक्झॉस्टच्या वाटेत हवा गळणे. मोकळ्या सायलेन्सरने दुसरी अट निम्मी तयारच करून ठेवलेली असते. पंजाब किंवा इंदोरी असे मोकळ्या आवाजाचे सायलेन्सर लावून फटाके अजिबात नकोत ही अपेक्षा ट्यूनिंगने पूर्ण होणार नाही. हलकी फुटफुट राहीलच. ती नको असेल तर मूळ सायलेन्सर परत लावणे हाच खरा उपाय आहे, आणि तोच शेजाऱ्यांच्या, रस्त्यावरच्या माणसांच्या आणि कायद्याच्याही बाजूचा आहे.

कार्बोरेटरमधून येणारा ‘फट्’ अधिक गंभीर. लीन मिश्रण हळू जळते, इतके हळू की इनलेट व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत आत ज्योत शिल्लक राहते आणि ती उलटी कार्बोरेटरमध्ये येते. पण इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा टायमिंग चुकलेले असेल तरी हाच आवाज येतो. म्हणून कार्बोरेटर उघडण्याआधी या दोन गोष्टी तपासायच्याच. हा क्रम उलटा झाला की माणूस आठवडाभर जेट बदलत बसतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची सेटिंग, रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर बघा. इग्निशन चालू करा आणि ॲमीटरकडे लक्ष ठेवून हळूहळू किक दाबा. पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे असतो. तो मध्यावर आला की पॉइंट उघडले आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याजवळ पोचला. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक जराशी पुढे न्या, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत. इग्निशन बंद करा, नाहीतर कॉइल तापते. सिलिंडरच्या उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण काढा आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) दोन बोटांत धरून फिरवा. सहज गोल फिरली पाहिजे, पण वर-खाली हलवताना ‘टिक’ अशी जाणीव बोटांना होता कामा नये. या इंजिनात हीच सेटिंग, फिलर गेज लागत नाही. इनलेटची पुशरॉड फिरतच नसेल तर व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि तुमचा कार्बोरेटरमधला ‘फट्’ तिथेच सापडला म्हणायचे. एक्झॉस्टची घट्ट असेल तर सायलेन्सरमधले फटाके वाढतात आणि व्हॉल्व्ह जळतो.

पॉइंटचा गॅप पूर्ण उघडलेल्या जागी ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंटच्या तोंडावर खड्डा आणि उंचवटा पडला असेल तर घासून वेळ काढू नका, नवा संच घाला. अंधारात इंजिन चालू ठेवून पॉइंटकडे बघा. मोठी पिवळसर ठिणगी सतत नाचत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) गेला आहे, आणि गेलेला कंडेन्सर हुबेहूब कार्बोरेटरच्या दोषासारखा वागतो: रेस दिली की मिसिंग, मग फटाके. टायमिंग पिस्टनच्या माथ्याच्या ०.८ मिमी आधी, ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मिटलेल्या स्थितीत. ऑटो ॲडव्हान्सची वजने हाताने उघडून सोडा, स्प्रिंगने ती झटकन परत आली पाहिजेत. तीन महिने दमट हवेत उभ्या गाडीत ती गंजून अडकणे अगदी नेहमीचे आहे. अडकून मागे राहिली तर रेस देताना गाडी मंद उठते आणि बेंड पाईप निळा पडेपर्यंत तापतो. प्लगचा गॅप ०.५ ते ०.६ मिमी. प्लग नवाच घाला, आधीच काळवंडलेल्या प्लगवरून पुढे काही वाचता येत नाही.

मग हवेची गळती. कार्बोरेटर जिथे हेडला बसतो तिथले पॅकिंग आणि ओ-रिंग हे या तक्रारीचे सर्वांत मोठे घर आहे. इंजिन स्लोवर ठेवून सांध्यावर साबणाचे पाणी बाटलीने फवारा. आवाज बदलला, क्षणभर सुधारला किंवा डळमळला, की तिथून हवा शिरते. कार्ब क्लीनरच्या स्प्रेनेही हे कळते, पण गरम हेडजवळ आणि पॉइंटच्या ठिणगीजवळ तो पेटू शकतो, म्हणून पाणी बरे. कार्बोरेटर उतरवल्यावर फ्लँज (हेडला टेकणारी बाजू) सपाट काचेवर ठेवून बघा. नट आवळून आवळून दोन्ही कान पुढे वाकलेले असतात आणि मध्ये फट दिसते. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, आठच्या आकड्यासारखी फिरवत फ्लँज सपाट करा, नवी ओ-रिंग घाला आणि नट दोन्हीकडे थोडे-थोडे करत आवळा. सिलिकॉन गम लावू नका. पेट्रोलने तो फुगतो आणि त्याचे तुकडे आत जातात.

एक्झॉस्टच्या सांध्यासाठी जाड ओला फडका हातमोजा घालून सायलेन्सरच्या तोंडावर दोन सेकंद धरा. हेडपाशी किंवा बेंड पाईप आणि सायलेन्सरच्या जोडापाशी ‘फुस्स’ ऐकू आले, काजळीची काळी रेघ दिसली, तर तो सांधा आधी बंद करा.

पेट्रोलची वाटही एकदा बघून घ्या. कॉकची नळी काढून पेट्रोल बाटलीत सोडा, धार अखंड हवी. पंधरा मिनिटे चालून गाडी मरत असेल आणि टाकीचे झाकण उघडल्यावर सुधारत असेल तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे.

इथवर सगळे ठीक निघाले तरच कार्बोरेटर उघडा.

कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतले पेट्रोल फेकू नका, काचेच्या ग्लासात काढा आणि पाच मिनिटे ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. आता पंपावर मिळणारे पेट्रोल बहुतेक ठिकाणी ई-२० असते, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि ते प्रमाणाबाहेर गेले की पाण्यासकट खाली बसते. वाटीच्या तळाला पांढरी भुकटी दिसते ती त्याच पाण्याने खाल्लेल्या धातूची. ती पायलट जेटमध्ये गेली की स्लो रनिंग संपले.

पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. नुसते ‘धुऊन’ ते साफ होत नाही. जेट काढा, उजेडाकडे धरा. छिद्र पूर्ण गोल आणि धारदार कडांचे दिसले पाहिजे. धूसर, अंडाकृती किंवा अर्धचंद्रासारखे दिसले तर जेट अजून बुजलेला आहे. सुई, पिन, क्लच केबलची तार आत घालू नका. पितळ मऊ असते, एकदा छिद्र वाढले की जेटवरचा आकडा खोटा ठरतो. कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर बुडवा, मग कॉम्प्रेसरची हवा मारा. फारच हट्टी असेल तर मासेमारीचा नायलॉनचा बारीक धागा चालतो.

जेटपेक्षा महत्त्वाची आणि बहुतेक वेळा राहून जाणारी गोष्ट म्हणजे बॉडीतल्या वाटा. डोळ्यांवर चष्मा घाला. एअर स्क्रू काढा, स्प्रिंग सांभाळा, आणि त्या भोकातून स्प्रेची नळी लावून दाब द्या. कार्बोरेटरच्या गळ्यात, स्लाइडच्या काठाखाली, दोन सूक्ष्म छिद्रे आहेत: एक स्लाइडच्या इंजिनकडच्या बाजूला, दुसरे अगदी स्लाइडच्या कडेला. जेटच्या भोकावर बोट दाबून ठेवले की दोन्हींमधून सुईसारखी सरळ धार आली पाहिजे. पहिले चालू आणि दुसरे बंद असेल तर गाडी स्लोवर टिकते आणि मूठ उघडताच अडखळते. दोनदा धुऊनही तक्रार तशीच राहिली आहे, म्हणून मला या दुसऱ्या छिद्राची सर्वांत जास्त शंका येते.

वाटी उघडीच आहे तर फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बघा. कार्बोरेटर उलटा धरला की फ्लोटचा आर्म बॉडीच्या काठाला समांतर असावा. निडल व्हॉल्व्हच्या टोकावर रिंगण उमटले असेल तर तो बदला. निडलची क्लिप कितव्या खाचेत आहे ते वरून मोजून लिहून ठेवा. स्लाइड परत घालताना काप एअर फिल्टरच्या बाजूला. उलटा बसला तर गाडी स्लोवर येतच नाही. स्लाइड घरात खडखडत असेल, तिच्या अंगावर चमकदार घासलेले पट्टे असतील, तर कितीही ट्यून करा, स्लो स्थिर राहणार नाही. जुन्या गाडीत निडल आणि निडल जेट जोडीने बदला. डुप्लिकेट किटमधली निडल मूळ निडलशेजारी ठेवून बघितल्याशिवाय घालू नका, लांबी आणि निमुळतेपणा दोन्हींत फरक निघतो.

आता ट्यूनिंग. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून इंजिन गरम करा. थंड इंजिनवर केलेली सेटिंग वाया जाते. केबलला २-३ मिमी ढील ठेवा, आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवून स्लो बदलत नाही ना ते बघा.

व्हीएमचा एअर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो. तो हवा मोजतो. आत फिरवला की हवा कमी, मिश्रण रिच. बाहेर काढला की लीन. स्क्रू हळूच बसेपर्यंत आत न्या, जोर लावलात तर टोक चेपते. मग दीड फेरी बाहेर. स्लोचा स्क्रू थोडा आत घेऊन स्लो किंचित वाढवा. एअर स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवा आणि प्रत्येक पाव फेरीनंतर दहा सेकंद थांबून ऐका, इंजिनाला बदल कळायला तेवढा वेळ लागतो. ज्या जागी ठोके सर्वांत जलद आणि एकसारखे पडतात ती जागा धरा, मग स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणा. प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला पाहिजे. आता मूठ पाव भाग चटकन उघडा. अजून अडखळली तर एअर स्क्रू पाव फेरी आत.

उत्तम जागा अर्ध्या-पाऊण फेरीच्या आतच सापडली, म्हणजे स्क्रू जवळजवळ बंदच करावा लागला, तर पायलट जेट लहान पडतो आहे. २५ चा असेल तर २७.५ चा घाला. अडीच फेऱ्यांच्या पुढे जावे लागले तर मोठा आहे, किंवा कुठेतरी पेट्रोल जास्त येते. मोकळा सायलेन्सर आणि ई-२० या दोन्हींमुळे तुमच्या गाडीत पहिली शक्यता जास्त. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी निवडलेला जेट ई-२० वर आपोआप सात-आठ टक्के लीन पडतो. पायलटची एक पायरी जवळपास तेवढाच फरक भरून काढते.

पायलट जमला, पण पाव मुठीच्या पुढे अजून थोडी ओढाताण राहिली, तर निडलची क्लिप एक खाच खाली घाला. क्लिप खाली म्हणजे निडल वर, म्हणजे रिच. एका वेळी एकच बदल, मग पाच किलोमीटर गाडी चालवायची, मोबाइलमध्ये लिहून ठेवायचे, आणि नंतरच दुसरा. दोन बदल एकदम केलेत तर कोणत्या बदलाने काय झाले ते कधीच कळणार नाही.

मेन जेट सर्वांत शेवटी. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मूठ उघडून गाडी पळवताना मूठ किंचित मिटवल्यावर वेग वाढल्यासारखा वाटला तर जेट लहान आहे. पूर्ण उघड्या मुठीवर भुरभुरत असेल तर मोठा. या सायलेन्सरसाठी मूळ एअर फिल्टर ठेवून ९५ किंवा १०० पुरेल. नवा प्लग घालून पूर्ण मुठीवर थोडे अंतर चालवा, चालत्या गाडीत क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि बाजूला थांबून प्लग काढा. पोर्सेलिन फिकट बदामी हवे. पांढरे फटफटीत असेल तर लगेच एक आकडा वर जा, कास्ट आयर्नचे बॅरल लीन धावण्यावर जॅम होते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जेटचे आकडे एकमेकांशी जुळतात असे धरू नका.

हे वाचून कार्बोरेटरच्या पल्सर किंवा नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेल्या) इंजिनच्या क्लासिकवर काम करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. त्यांच्यात बहुधा सीव्ही कार्बोरेटर असतो, ज्यात स्लाइड केबलने नव्हे तर इंजिनच्या ओढीने वर जाते. त्याचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि तो हवा न मोजता मिश्रण मोजतो, म्हणून बाहेर काढला की रिच होते. व्हीएमच्या नेमके उलट. ही एक गोष्ट न कळल्याने अनेक चांगल्या गाड्या बिघडतात. तिथे अडखळण्याचे पहिले कारण वरच्या झाकणाखालचा रबरी डायफ्राम. उजेडाकडे ताणून बघा, टाचणीएवढे छिद्रही पुरते. रॉकेलने तो धुऊ नका, फुगतो आणि परत खाचेत बसत नाही. रेस सोडल्यावरच्या फटाक्यांसाठी काही सीव्ही कार्बोरेटरवर वेगळा एअर कट व्हॉल्व्ह असतो, त्याचाही छोटा डायफ्राम तपासा.

गाडी पुन्हा पावसाळ्यात उभी करायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीचा ड्रेन उघडून उरलेले थेंब काढा. टाकी गळ्यापर्यंत भरलेली ठेवा, रिकाम्या जागेतल्या दमट हवेतूनच पाणी येते.

आणि घाटाबद्दल. समुद्रसपाटीला बसवलेली गाडी महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर, थोडी जड वाटणारच. तिथे हवा सुमारे १२ टक्के विरळ असते आणि मिश्रण रिच होते. वर मुक्काम असेल तर एअर स्क्रू पाव फेरी बाहेर काढा, आणि परतीचा घाट उतरायच्या आधी आठवणीने तेवढाच आत घ्या. विसरलात तर पसरणी घाटाच्या वळणांवर फटाके पुन्हा सुरू होतील.